वाडगी न्यायला आलोय

सोल, ८ जून १९८७

बाबा,

पत्र गिल्सूचं आहे. योन्ह्वा मावशी, नाव ऐकून बाबा लाकडं फोडायच्या निमित्तानं उठले तर दार अडवून उभ्या राहा. मान्सूबद्दल आहे म्हणून सांगा. बसतील.

बसलात? मग ऐका.

मावशींचं कार्ड मिळालं. मान्सूचं नववर्षानंतर एकही पत्र नाही, आणि तुम्ही रोज पोस्टमनच्या वेळेला विहाराच्या उतारावर जाऊन उभे राहता, कुणी विचारलं तर वारा खायला आलोय म्हणता, असं त्यांनी कळवलंय. आता मावशींकडे डोळे वटारून बघू नका. तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही, आणि लिहवून घ्यायचं म्हटलं तर चार वर्षांत तुम्ही माझ्यासाठी एक ओळ लिहवून घेतली नाहीत. मीही पाठवली नाही म्हणा. फिट्टंफाट.

आपल्या धाकट्याला, मान्सूला, सक्तीच्या लष्करी नोकरीत दंगलीच्या पोलिसांत घातलंय एवढं मला ठाऊक होतं. सोलमध्येच आहे हे मावशींच्या कार्डावरून कळलं. बाबा, मी रोज त्या पोलिसांच्या रांगांसमोरून सायकल हाकतो! डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी, हातात ढाल, सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. आई जिवंत असती तरी तिला यातला आपला कोणता ते सांगता आलं नसतं.

पण शोधणार मीच. का ते सांगतो. मी म्योंगदोंगजवळ तोंग मालकांच्या चिनी खानावळीत आहे, काळ्या रश्श्याच्या शेवया घरोघर पोचवायच्या कामाला. एका हातात सायकलचं हँडल, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी, पेटीत वाडगी. एक थेंब सांडत नाही. इथं वाडगी आमच्याच दुकानाची जातात. गिऱ्हाईक जेवतं, रिकामी वाडगी दाराबाहेर ठेवतं, आणि मी पुन्हा जाऊन गोळा करतो. त्यामुळे होतं काय, शेवया घेऊन आत सोडतात, आणि 'वाडगी न्यायला आलोय' म्हटलं की दुसऱ्यांदाही सोडतात. बँकेच्या आत, कोर्टाच्या आत, एकदा तर शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत गेलोय. हे तीन शब्द म्हणणाऱ्याला या शहरात कुणी 'का' विचारत नाही.

म्हणजे तुम्ही मला शाळेतून काढून लाकडाच्या मोळीखाली घातलंत आणि मान्सूला कॉलेजात धाडलंत, त्यात एक फायदा झाला बघा. कॉलेजवाल्याला शोधायला मोळीवाला उपयोगी पडतोय. (मावशी, हे वाक्य गाळा. वाचून झालं असेल तर असू दे.)

परवा इथं मोठी गडबड आहे. जानेवारीत पोलीस ठाण्यात एका विद्यार्थ्याचा छळ करून जीव घेतला, आणि सांगितलं की टेबलावर हात आपटला तसा तो मेला. त्यावर सगळं शहर पेटलंय. राष्ट्रपती निवडायचं मत लोकांना हवंय, सरकार देत नाही. मालक म्हणतात दुकानातून पाऊल बाहेर टाकायचं नाही. बघू.

गिल्सू


११ जून

बाबा, काय सांगू! काल काय झालं ते काय सांगू!

सहाला झेंडा उतरवतात तेव्हा सगळे थांबतात ना, आपल्या हादोंगच्या बाजारातसुद्धा? राष्ट्रगीत लागलं की चालता माणूस खांब होतो, छातीवर हात. काल सगळीकडे कुजबुज होती की सहाला, नेमकं त्याच वेळेला, गाड्यांनी हॉर्न वाजवायचे. मला वाटलं कोण वाजवतंय! टॅक्सीवाल्यांना लायसनची भीती, बसवाल्यांना नोकरीची.

मी सायकलवर होतो. गीत लागलं. आमचे तोंग मालक दुकानाच्या दारात ताठ उभे. त्यांच्याइतकं ताठ आमच्या गल्लीत कुणी उभं राहत नाही, कारण त्यांचा जन्म इथला असला तरी कागदावर ते परदेशीच आहेत. मला रोज ऐकवतात, "गिल्सू, आंदोलन तुझं, हकालपट्टी माझी. आपण शेवया विकायच्या, तोंड मिटून." तर ते छातीवर हात ठेवून उभे, आणि गल्लीच्या तोंडाशी एका टॅक्सीनं हॉर्न दिला. एकच. घाबरत घाबरत, म्हाताऱ्यानं खाकरावं तसा. मग दुसऱ्या टॅक्सीनं. मग बसनं, बाबा, बसनं! आणि मग जे सुरू झालं, कानाचे पडदे फाटायची वेळ! चर्चच्या घंटा, ट्रकचे भोंगे, वरच्या कचेऱ्यांच्या खिडक्यांतून टाय लावलेले बाबू संडासातल्या कागदाच्या गुंडाळ्या सोडतायत, सगळं आभाळ पांढरं! बायका पदपथावर उभ्या राहून रुमाल हलवतायत. माझ्याकडे हॉर्न कुठला? मी सायकलची घंटी दाबत बसलो. मलासुद्धा ऐकू येत नव्हती. मग पेटीचं झाकण बडवलं.

मालक ओरडले, "ए, पेटीला पोचे पडतील!" पण उभेच राहिले, छातीवर हात ठेवून, गीत कधीच संपलं होतं तरी.

मग अश्रुधूर. तो काय असतो ते सांगू? शेतातल्या सगळ्या मिरच्या एकदम चुलीत टाका आणि त्यावर तोंड धरा. इथले लोक डोळ्यांखाली टूथपेस्ट फासतात. मीही फासली. आरशात बघितलं तर विहाराच्या दारावरचा राक्षस दिसत होतो.

पळापळीत पुष्कळ विद्यार्थी मोठ्या चर्चमध्ये शिरलेत आणि बाहेर यायला तयार नाहीत. भोवती पोलिसांच्या गाड्या, जाळी लावलेल्या. लोक त्यांना कोंबड्यांचा खुराडा म्हणतात. मान्सू त्यांतल्याच कशात तरी असणार. मी प्रत्येक खुराड्यापाशी सायकल हळू करतो. जाळीआड नुसती डोकी दिसतात, झोपलेली.

तुमची तब्येत बरी आहे असं मावशींना लिहायला सांगा. किंवा नको, तुम्ही काही सांगणार नाही. मावशी, तुम्हीच आपल्या मनानं लिहा.

गिल्सू


१६ जून

बाबा! सापडला!

म्हणजे पोरगा अजून नाही सापडला. त्याचं वाडगं सापडलं.

थांबा, नीट सांगतो, मावशींना दम लागेल. झालं असं की काल चर्चमधले विद्यार्थी शांतपणे घरी गेले. बाजारातल्या कापडवाल्यांना वाटलं, आता दगड पडायचे नाहीत, पोलिसांना खूश करावं. त्यांनी चौकातल्या खुराड्यांसाठी शेवयांची ऑर्डर दिली. मालक खूशही आणि घाबरलेलेही. म्हणाले, "गिल्सू, पोलिसांच्या गाडीत गेल्यावर तोंडातून फक्त दोन शब्द, 'शेवया' आणि 'वाडगी'. तिसरा काढलास तर जीभ कढईत टाकीन."

मी शेवया पोचवल्या. गाडीच्या दारात एक सार्जंट बसलेला, त्यानंच पेट्या आत ओढल्या, मला चढू दिलं नाही. तासाभरानं परत गेलो. दारापाशी वाडग्यांचा ढीग, जशी असतात तशी, काळ्या रश्श्यानं बरबटलेली, त्यात सिगारेटची थोटकं विझवलेली. मी पेटीत रचायला लागलो. आणि एक वाडगं हातात आलं ते स्वच्छ.

धुतलेलं नाही, बाबा. पुसलेलं! कडेपासून आत, गोल गोल, तळाशी येऊन थांबलेलं. थोडं पाणी घालून विसळून प्यालेलं. तुम्ही शिकवलंत तसं, विहाराच्या रीतीनं, मुळ्याच्या कापानं. अख्ख्या सोलमध्ये चिनी शेवयांचं वाडगं मुळ्यानं पुसणारा दुसरा कोण असेल? भिक्खू असता तर शेवयांत डुकराचं मांस असतं म्हणून शिवलाच नसता. ज्यांना विहाराच्या स्वयंपाकघरातल्या हट्टी माणसानं वाढवलंय आणि जे मांसही खातात, असे या जगात दोघंच. त्यातला एक वाडगं पुसत नाही.

आणखी एक सांगतो म्हणजे तुमची खात्री पटेल. आमच्या मालकांचा शेवयांबरोबरचा मुळा पातळ असतो, कागदासारखा. पुसताना तुटतो. तर त्या वाडग्याच्या आत अर्ध्यात एक रेघ थांबलेली होती आणि तिथून दुसऱ्या कापानं पुन्हा सुरुवात केलेली. तुटला तर तुटला, पण अर्धवट सोडलं नाही. आपला मान्सूच!

मी सार्जंटला विचारलं, "साहेब, हे वाडगं कुणाचं?" (तिसरा शब्द!) तो म्हणाला, "का रे, पुन्हा चाटायचंय?" गाडीतले सगळे हसले. जाळीआडून कुणीतरी नाही हसलं असेल, पण मला दिसलं नाही. दार लावलं.

तुम्हाला आठवतंय ना, चार वर्षांपूर्वी त्या दिवशी मी वाडगं न पुसता उठलो आणि तुम्ही म्हणालात, "वाडगं पुसत नाही त्याला माझ्या चुलीपाशी जागा नाही"? मी तुमच्यासमोरच निघालो, आणि तुम्ही चुलीत लाकूड सारत बसलात. मला अजून वाटतं, जेवण झालं की माणसानं उठावं, वाडगं धुवायला पाणी असतं. पण काल ते वाडगं मी पेटीत नाही ठेवलं. शर्टाच्या आत घालून आणलं. मालकीणबाईंनी विचारलं, पोट का फुगलंय?

आजपासून त्या गाडीचा मुळा मी स्वतः कापतो. बोटभर जाड. मालक ओरडतात, "पोलीस आहेत की बैल?" ओरडू देत.

गिल्सू


१९ जून

बाबा,

मावशी, आधी तुम्ही एकट्या वाचा. हे पत्र चुलीपाशी वाचायचं नाही. भाताची वाफ, भांडी घासणाऱ्या बाया, मध्येच डोकावणारे मोठे भंते, यांच्यात अजिबात नाही. बाबांना लाकडाच्या शेडमागं घेऊन जा.

गेलात? दोघं बसा.

तो धडधाकट आहे. हे आधी सांगितलं म्हणजे बाकीचं नीट ऐकाल.

काल अश्रुधूर नको म्हणून मोर्चा होता. आया आल्या होत्या, आज्या आल्या होत्या, पोलिसांच्या छातीवर फुलं खोचत होत्या! एक पोलीस फूल खोचून घेता घेता रडायला लागला, आणि त्याच्या मागच्यानं धूर सोडला. मग काय, बाजार उसळला. मासेवाले, हमाल, कापडवाल्यांचे नोकर, टायवाले बाबू, सगळे एक. कारंज्याच्या चौकात एक तुकडी पुढं आली आणि मागची वाट लोकांनी बंद केली. तुकडीची पाठ कारंज्याला, तीन बाजूंना माणसंच माणसं. "हेल्मेट काढा! ढाली टाका!" लोकांचे गळे फुटतायत. मी पेटी घेऊन चाललो होतो, रिकामी. गाडीचा नंबर ढालींवर रंगवलेला असतो. वाडग्यावाल्या गाडीचाच नंबर!

बाबा, आता इतक्या जाळ्यांत मान्सू कोणता? हाक मारायला तोंड उघडलं तर घशात धूर. आवाजच येईना. मी कारंज्याच्या कठड्यावर चढलो. आणि काय सुचलं देव जाणे, पेटीचं झाकण काढून पेटीवर मारलं. ठक. ठक. ठक. जेवणाआधी भंते बांबूची पट्टी वाजवतात तसं, सावकाश.

आणि तुकडीतल्या एकानं हात जोडले!

आयुष्यभराची सवय. वाजलं की हात जोडायचे, मान खाली. त्याच्या लक्षातही आलं नसेल आपण काय करतोय ते. हात जोडायला ढाल सोडावी लागते, तशी ती सुटली आणि धाडकन फरशीवर पडली. मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात लोकांनी ते पाहिलं. "याची ढाल पडली! ओढा याला!" एका दांडगट हमालानं त्याची कॉलर धरली, रांगेतून उपटला, आणि दुसऱ्या हातात पोलिसांकडूनच हिसकावलेली काठी उगारली. त्या हमालाच्या डोक्याला पट्टी होती, रक्तानं भिजलेली. एक-दोन दिवसांआधीच कुणीतरी काठी घातली असणार. आणि मी माझ्या भावाला त्याच्यासमोर नेऊन उभा केला होता, पेटी वाजवून!

उडी मारली. मध्ये घुसलो. 'भाऊ आहे' म्हणालो असतो तर आम्हाला दोघांनाही पडली असती. तोंडातून निघालं ते रोज निघतं तेच:

"थांबा! वाडगी न्यायला आलोय!"

बाबा, हमालाचा हात वरच्या वर थांबला. शपथेवर सांगतो. सगळेच थांबले. तीन शब्द ऐकून वाट द्यायची सवय या शहराच्या हाडात आहे.

"काय?" हमाल म्हणाला.

"वाडगी. यांच्या गाडीत माझी वाडगी राहिलीत. हिशेब याच्याकडे आहे. याचं डोकं फोडलंत तर मी वाडगी कुणाकडे मागू?"

"अरे, इथं देशाचं काय चाललंय आणि तुला वाडग्यांचं पडलंय?"

"देशाचं तुम्ही बघा ना, तुम्ही एवढे जण आहात! वाडग्यांचं बघायला मी एकटाच आहे!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मागून, मग सगळीकडे. बिदागी मिळालेल्या बहुरूप्यासारखा मी उभा. वाळके मासे विकणारी एक म्हातारी पुढं आली, कमरेला पिशवी, डोळ्यांखाली टूथपेस्ट. "पोलिसांना शेवया चारतोस होय रे मेल्या?"

"आजी, विद्यार्थ्यांनाही चारतो. दोघंही वाडगी घाण करूनच देतात."

"आणि हा?"

"हा एकटाच पुसून देतो."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिनं त्याच्या हेल्मेटचा पट्टा सोडला, डोक्यावरून काढलं. बाबा, किती बारीक झालाय! गालफडं बसलीत, कपाळावर हेल्मेटचा वळ. म्हातारीनं आम्हा दोघांची तोंडं शेजारी शेजारी बघितली आणि हमालाला म्हणाली, "काठी खाली घे रे. नाकं बघ. वाडगं-बिडगं काही नाही, एका आईची पोरं आहेत ही."

हमालानं काठी लगेच नाही खाली घेतली. मग मान्सूच्या पायापाशी टाकली आणि म्हणाला, "याला सांग, परवा माझ्या डोक्यात घातली तो असाच होता, अंगानं." आणि गेला. मान्सू त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

म्हातारीनं किटलीतल्या पाण्यानं त्याचे डोळे धुतले आणि धुता धुता शिव्या दिल्या, "यासाठी वाढवलं का रे तुला? वर बघ! पापणी उघड! एवढा घोडा झालास आणि रडतोस!" बाकीच्यांच्याही ढाली आणि हेल्मेटं लोकांनी काढून घेतली, ढीग करून पेटवली, आणि पोरांना मात्र पाणी पाजलं. मला वाटलं होतं मारामारी होईल. पाणी पाजलं, बाबा! आणि गाणी म्हटली!

आम्ही दोघं कारंज्यामागं बसलो. पहिलं काय बोलला सांगू? "दादा, पेटी वाजवायचीच होती तर नीट तरी वाजवायची. तिसरा ठोका घाईत मारलास." चार वर्षांनी भेटलेला भाऊ!

मी विचारलं, "घरी पत्र का नाही?"

"काय लिहू?"

"मजेत आहे लिही."

"खोटं?"

"मी लिहितो की."

"तुला जमतं." मग म्हणाला, "दादा, खरं लिहिलं तर ते मावशी वाचणार. मोठ्यानं. सगळ्या स्वयंपाकघरासमोर. 'बाबा, फेब्रुवारीत मी एका मुलाच्या पाठीत काठी घातली, तो पडल्यावर वळला तर माझ्याच वर्गातला निघाला, त्यानं मला नावानं हाक मारली.' हे बाबांनी भाताच्या पातेल्यापाशी उभं राहून ऐकायचं? बायकांसमोर? मोठ्या भंत्यांसमोर?"

म्हणून पत्र नव्हतं. त्याला काही झालं नव्हतं. त्याला तुमच्याशी एकट्यानं बोलायचं होतं आणि तशी सोयच नव्हती. म्हणून तुम्हाला शेडमागं बसवलं.

मी त्याला म्हटलं, पेटी घे, माझा शर्ट घाल, पळ. 'वाडगी न्यायला आलोय' म्हणत जिकडे जायचं तिकडे जा. नाही म्हणाला. तो पळाला की उद्या विहाराच्या दारात पोलीस, आणि त्याच्या गाडीतल्या बाकीच्या पोरांना मार. गेला परत, बोडक्या डोक्यानं. जाताना मी म्हणालो, "रोज वाडगं पुसत जा. त्यावरून मला कळेल तू ठीक आहेस."

म्हणाला, "नाहीतर मी काय करतो? मुळा जाड झालाय हल्ली. तू कापतोस होय?"

गिल्सू


३० जून

बाबा,

मावशींचं पत्र आलं. तुम्ही शेडमागून परत आलात, चुलीत लाकूड सारलंत, आणि संध्याकाळी म्हणालात, "विचार त्याला, तो चिनी मुळा जाड कापतो की पातळ." मावशींना वाटलं तुमच्या डोक्यावर परिणाम झाला. मला नाही वाटलं. उत्तर शेवटी देतो.

आधी एक लपवलेलं सांगतो. त्या चौकातल्या दिवसानंतर पुसलेलं वाडगं आलंच नाही. रोज शेवया नेल्या, रोज ढीग आणला, रोज एकेक वाडगं उजेडाला धरून बघितलं. सगळी बरबटलेली. सव्वीस तारखेला सगळ्या देशात माणसं रस्त्यावर आली, सोल तर समुद्र झालं होतं, आणि मी त्या समुद्रात पेटी डोक्यावर धरून खुराडे शोधत होतो. सार्जंटला सरळ विचारलं. म्हणाला, "असा कुणी इथं नाही." तुम्हाला काय लिहायचं? मला खोटं जमतं म्हणतो मान्सू, पण तेही जमेना.

आणि काल! बाबा, काल सकाळी रेडिओवर! तुम्हीही ऐकलं असेल, भंत्यांकडे रेडिओ आहे. मान्य केलं! राष्ट्रपती लोकच निवडणार! तोंग मालकांनी कणीक मळता मळता हात थांबवला. मालकीणबाईंनी विचारलं, खरं का हो? रेडिओनं पुन्हा सांगितलं. मग मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "पाटी लिही. आज शेवया फुकट."

"आनंद झालाय म्हणून लिहू?"

"वेडा आहेस का? मला मत नाही, मला कसला आनंद? लिही की कणीक जास्त झाली."

लिहिलं, 'कणीक जास्त झाली, आज शेवया फुकट.' मोठ्या अक्षरांत, चुकलेल्या. बाजार लोटला! टायवाले बाबू उभ्यानं खातायत, वाळक्या माशांची म्हातारी आली आणि दोन वाडगी खाऊन गेली, डोक्याला पट्टी बांधलेला तो हमालही आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "वाडगी मिळाली का रे?" मी म्हटलं, "अजून एक यायचंय." त्यानं स्वतःचं वाडगं उचलून आत नेऊन ठेवलं. गिऱ्हाईक असं कधी करत नाही.

आणि गर्दी ओसरताना दारात एक बोडक्या डोक्याचा पोरगा, गणवेशात, पायांत साध्या चपला. मालक कणकेच्या हातांनी ताठ उभे राहिले, राष्ट्रगीताला राहतात तसे.

मान्सू म्हणाला, "दादा, भूक लागलीय."

ढाल टाकली म्हणून त्याला कोंडून ठेवलं होतं. तिथं भात मिठाच्या पाण्यात बुडवून द्यायचे, मुळा नाही. काल सोडलं, आणि आज संध्याकाळपर्यंत मोकळीक दिली. मालकांनी त्याला स्वतः वाढलं. गणवेशाकडे बघितलं नाही, पण शेवया दुप्पट घातल्या. तो जेवला. मग मुळ्याचा काप घेतला, थोडं पाणी ओतलं, आणि सुरू केलं, कडेपासून आत, गोल गोल. सगळे बघत होते. हमाल बघत होता. मान्सू ते पाणी प्यायला, त्यानं मान वर केली, आणि हमालाला ओळखलं. उठून त्याच्यासमोर गेला आणि वाकला, कमरेपासून, खूप वेळ. हमाल निघताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेला, कलिंगड बघतात तसा.

आता मान्सू माझ्यासमोर बसलाय आणि मी लिहितोय ते उलट्या बाजूनं वाचतोय. म्हणतो, तुझी अक्षरं अजून तशीच. मी म्हटलं, शाळेतून काढलेल्याची अशीच असतात. (मावशी, हे वाचा. मोठ्यानं वाचा. बरं वाटेल मला.) त्याला म्हटलं तूही लिही एक ओळ. पेन घेतलं, ठेवलं. म्हणतो, बाबांना सांग, पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. जे सांगायचं ते येऊन सांगतो, शेडमागं, दोघंच. वाचून दाखवायला कुणी लागणार नाही.

एकटा येतो म्हणत होता. मी म्हटलं, मीही येतो. वाडगी न्यायला आलोय म्हणेन. बघू, तुम्ही आत सोडता का.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मालक पातळ कापतात. मी जाड कापतो.

मी माझं वाडगं पुसेन की नाही ते तिथं आल्यावर बघू. तुम्ही काप मात्र तीन माणसांचे काढून ठेवा.

गिल्सू